पशूपुढचा नमस्कार

जगाचा शेवट जवळ आलाय असं सांगत फिरणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. त्यातला एक आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. तो लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि रविवारी मुलुंडला एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत प्रार्थनेला जातो. जग कुठल्याही क्षणी संपेल यावर त्याचा पक्का विश्वास आहे, तरी पुढच्या मे महिन्यापर्यंतची लग्नं त्याने बुक करून ठेवलेली असतात. हे मी त्याला एकदा तोंडावर म्हणाले. तो हसला. "ताई, तोपर्यंत काम तर करायलाच पाहिजे ना," म्हणाला. त्याचं ते हसणंही मला आवडलं नाही.

या माणसाने जगाच्या शेवटावर सिनेमा काढला आणि त्यात माझ्या वडिलांना घेतलं.

आम्ही विक्रोळीचे, आणि बाबा तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. दरवर्षी कामगारांचं नाटक बसायचं, कारखान्या-कारखान्यांची स्पर्धा असायची, आणि बाबा बावीस वर्षं त्या नाटकांत होते. हिरो कधीच नाही. फौजदार, सावकार, हिरोइनचा बाप, गावचा पाटील. एन्ट्रीच्या आधी विंगेत उभं राहून ते वाकायचे, उजव्या हाताची बोटं रंगमंचाच्या फळ्यांना लावायचे आणि तो हात कपाळाला लावायचे. मग आत जायचे. मी लहानपणी विंगेत बसून हे इतक्यांदा पाहिलंय की बाबा म्हटलं की मला आधी ती वाकलेली पाठ आठवते. या बावीस वर्षांत बाबांनी स्वतःला काम करताना एकदाही पाहिलं नव्हतं. नाटकवाल्याला स्वतःचं नाटक कुठून दिसणार? रंग लावून काढलेला एक ग्रुप फोटो आहे, त्यात ते तिसऱ्या रांगेत आहेत आणि पुढच्याच्या फेट्याने त्यांचं अर्धं तोंड झाकलंय.

पाच वर्षांपूर्वी बाबांना काचबिंदू निघाला. मोतीबिंदूसारखं काढून टाकलं आणि झालं, असं यात नसतं. नजर कडेकडून बंद होत येते. मधे एक गोल उरतो आणि तोही लहान होत जातो. गेलेलं परत येत नाही, थेंब घालून उरलेलं सांभाळायचं एवढंच हातात. बाबांना समोरचा माणूस नीट दिसतो, पण पायाजवळची बादली दिसत नाही. जेवताना ताटातली भाजी दिसते, बाजूचं पाण्याचं भांडं लवंडतं. हे सगळं त्यांनी फारशी कुरकुर न करता घेतलं. फक्त एकदा म्हणाले, "मधलं जायच्या आत स्वतःला एकदा पडद्यावर बघून घेतो. मग होऊ दे काय व्हायचं ते."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पडद्यावर घेतंय कोण? पण सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या झेंडावंदनात बाबांनी जुन्या नाटकातला एक उतारा म्हणून दाखवला, आणि समोरच्या बिल्डिंगचा तो व्हिडिओवाला तिथे उभा होता. दुसऱ्याच दिवशी घरी आला. "काका, माझ्या फिल्ममध्ये एक रोल आहे. तुमच्याशिवाय कोणी करूच शकत नाही." बाबांनी कथा विचारली नाही, विषय विचारला नाही. एवढंच विचारलं, "डायलॉग किती?" चार होते.

मी विचारली कथा. विचारायला नको होती. एके दिवशी चांगली माणसं अचानक गायब होतात, वर उचलली जातात. चाळीच्या गॅलरीत नुसत्या चपला पडलेल्या, बादलीत अर्धं भरलेलं पाणी, खाली गळून पडलेले शर्ट. मागे उरलेल्यांवर एक दुष्ट माणूस राज्य करतो. मनगटावर नाहीतर कपाळावर त्याचा शिक्का घेतला नाही तर वडापावसुद्धा मिळत नाही. आमच्या दिग्दर्शकाने शिक्क्याच्या जागी क्यूआर कोडचे स्टिकर छापून आणले होते. आणि सगळ्यांनी एका पशूच्या मूर्तीला नमन करायचं. बायबलात तो पशू सात डोक्यांचा असतो म्हणे. मखरं करणाऱ्या एका कारागिराकडून तो बनवून घेतला होता. त्याने देवीच्या मंडपासाठी केलेला थर्माकोलचा सिंह घेतला, काळा रंगवला आणि त्याला जास्तीची डोकी चिकटवली. दोनच बसली, बाकीची पडत होती.

"बाबा, तुम्ही वर जाणाऱ्यांत आहात की खाली राहणाऱ्यांत?" मी विचारलं.

"खाली," बाबा म्हणाले. "पण मी शिक्का घेत नाय. चांगला रोल आहे."

तोवर मी सिनेमाची टर उडवत होते. डायलॉग पाठ करून घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र चिडले, कारण ते काम माझ्यावरच आलं. बारीक अक्षर बाबांना झेपत नाही. मी जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर जाड मार्करने चारी वाक्यं लिहून दिली आणि भिंतीला चिकटवली. पंधरा दिवस घरात तेच चाललं होतं. "हे चिन्ह मी घेणार नाही. माझ्या हातावर तीस वर्षांच्या कामाचे घट्टे आहेत. तेवढी ओळख मला पुरे आहे. तुमच्या मालकाला जाऊन सांगा." घट्ट्यांचं वाक्य बाबांनी स्वतः सुचवलं होतं आणि त्या माणसाने ते घेतलं होतं. बाबा कधी 'तेवढी' या शब्दावर जोर द्यायचे, कधी 'मला'वर, आणि मला विचारायचे कुठलं बरं. मी ऑफिसला जायच्या घाईत "दोन्ही सारखंच" म्हणायचे. सारखं नव्हतं. 'मला'वर जोर दिला की ते वाक्य उभं राहायचं, हे मला कळत होतं. पण या असल्या सिनेमासाठी एवढं कशाला, असा माझा ताठा.

बिल्डिंगमध्ये सगळ्यांना बाबांनी सांगून टाकलं होतं, गोरेगावला शूटिंग आहे. गोरेगाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठा स्टुडिओच येतो, आणि बाबांनी कुणालाही दुरुस्त केलं नाही. शनिवारी मी त्यांना घेऊन रिक्षाने निघाले. स्टुडिओचं मोठं गेट आलं तसे बाबा ताठ बसले, शर्टाची कॉलर नीट केली. रिक्षा गेटवरून पुढे निघून गेली.

"मागचं गेट असेल," बाबा म्हणाले.

मागचं गेट वगैरे काही नव्हतं. एक गोडाऊन होतं. एका बाजूला मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या, दुसऱ्या बाजूला काळं कापड लावलेलं आणि त्याच्यापुढे तो तीन डोक्यांचा सिंह. शेजारी लोखंडी ग्रिल बनवणाऱ्याचं दुकान होतं, तिथे ग्राइंडर सुरू होता. तो बंद ठेवायला सांगायला कुणीतरी गेलं आणि "आम्हाला पण धंदा आहे" ऐकून परत आलं.

बाबांचा शॉट दुपारी आला. काळ्या कापडापुढे त्यांना उभं केलं, मूर्ती त्यांच्या उजव्या हाताला, थोडी पुढे. दिग्दर्शकाने त्यांच्या खांद्याला धरून जागा दाखवली. जमिनीवर चिकटपट्टीची फुली होती, ती बाबांना दिसत नव्हती, म्हणून त्याने त्यांचा पाय हलकेच त्यावर नेऊन ठेवला. हे त्याने छान केलं, मला मान्य आहे. मग बाबांनी नेहमीप्रमाणे केलं. वाकले, उजव्या हाताची बोटं गोडाऊनच्या त्या धुळकट लादीला लावली, हात कपाळाला लावला. वर उठले आणि मान हलवली, आता चालू करा. तिथल्या दहाबारा माणसांना ते काय होतं हे कळलं नसावं. मला एकटीला कळलं, आणि मला लाज वाटली. थर्माकोलच्या सिंहासमोर आणि ग्राइंडरच्या आवाजात बाबा रंगभूमीला नमस्कार करत होते. सहा टेक झाले. सहाही वेळा त्यांनी नमस्कार केला.

चार डायलॉग एकदम झकास म्हटले. 'मला'वर जोर दिला.

दोनेक महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, मुलुंडला एका छोट्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका सोबत आले. फुकट सिनेमा म्हटलं की ते कुठेही येतात. बाबांना मी बरोबर मधल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसवलं, पडद्याचा मधला भाग त्यांच्या गोलात मावावा म्हणून. सिनेमा कसा होता ते सांगत नाही. माणसं वर जातात तेव्हा मागे दिवाळीची माळ हलताना दिसत होती.

बाबांचे डायलॉग नव्हते. शिक्का घ्यायचा सीनच नव्हता. मी बाबांकडे बघितलं, ते शांत बसले होते, अजून यायचंय अशा खात्रीने. मग ढोलासारखं संगीत सुरू झालं, आणि पशूला शरण जाणारी माणसं एकामागून एक दिसायला लागली. एक बाई हात जोडते, एक पोरगी गुडघे टेकते. आणि मग बाबा. डाव्या कडेला ती काळी तीन डोकी, आणि मधोमध माझे बाबा वाकतायत, जमिनीला बोटं लावतायत, हात कपाळाला लावतायत. सावकाश आणि मनापासून. चांगला सात-आठ सेकंदांचा तो शॉट होता.

 बावीस वर्षं विंगेत केलेला नमस्कार या माणसाने उचलला आणि सैतानाच्या पायावर नेऊन घातला.

आणि बाजूला बाबांनी माझा हात दाबला. त्यांचा तळवा गरम झाला होता. "मी माका दिसलंय गो," ते कानाशी म्हणाले. मन भरून आलं की बाबा मालवणीत जातात. "सगळो दिसलंय!"

डाव्या कडेचं त्यांना दिसतच नव्हतं. त्यांच्या गोलात फक्त ते स्वतः होते.

सिनेमा संपल्यावर प्रार्थनेची मंडळी येऊन त्यांचा हात हातात घेत होती. "काका, अंगावर काटा आला." बाबा नम्रपणे मान हलवत होते. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "डायलॉग गेले. त्या ग्राइंडरने वाट लावली. पण पोराला कळतं बघ. नटाचा नमस्कार तेवढा ठेवला त्याने."  खालच्या मजल्यावरचे काका मात्र गेटशी उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय गं, तुझ्या बाबांना राक्षसाच्या पाया पडायला लावलं की. हे आता यूट्यूबला टाकणार म्हणे. लोक काय म्हणतील? तुझ्या बाबांनी धर्म बदलला का?"

दुसऱ्या दिवशी मी लंच टाइमला ऑफिसच्या जिन्यात उभी राहून त्या माणसाला फोन केला. जे तोंडाला आलं ते बोलले. म्हाताऱ्या माणसाला फसवलंस, त्याच्या डोळ्यांचा फायदा घेतलास, तुझ्या सैतानासाठी तुला माझाच बाप मिळाला का. तो मग म्हणाला, "ताई, सॉरी. खरंच सॉरी. माझ्या डोक्यातच आलं नाही. एडिट करताना तेवढाच शॉट मला खरा वाटला. बाकी सगळे ॲक्टिंग करतायत, काका एकटे खरंच वाकलेत. कशाला वाकलेत ते मी विचारलंच नाही."

"काढ तो," मी म्हणाले.

"काढतो. पण ताई, तो काढला तर काका पूर्णच जातात. दुसरं काहीच नाहीये त्यांचं."

"जाऊ देत," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

हे मी बाबांच्या मानासाठी केलं असं मला म्हणायला आवडेल. त्या जिन्यात उभी असताना मला तसंच वाटत होतं. पण बाबांचा मान बाबांना विचारून राखायला हवा होता, आणि मी त्यांना विचारलं नाही. माझ्या कानात खालच्या मजल्यावरच्या काकांचं वाक्य वाजत होतं, लोक काय म्हणतील. मी लोकांसाठी केलं. आणि थोडं त्या माणसाला धडा शिकवायला. बाबांना सावकाश सांगू असं ठरवलं. मग आज ते खुशीत आहेत, उद्या सांगू, असं करत तीन आठवडे काढले. बाबा त्या तीन आठवड्यांत नाटकातल्या जुन्या मित्रांना फोन करून सांगत होते, यूट्यूबला येतोय, मधे लक्ष ठेवा, ढोल वाजले की मी आहे.

मग बाबा एकदम गप्प झाले. मी ऑफिसमधून आले की ते पलंगावर बसलेले असायचे, रेडिओही बंद. पेपर उघडेनात. एकदा मी बघितलं, डोळे मिटून भिंतीला हात लावत बाथरूमपर्यंत जात होते आणि पावलं मोजत होते. "काय करताय?" म्हटलं तर "सवय करतोय" म्हणाले.

"कसली सवय?"

"मधलं पण गेलं," बाबा म्हणाले. "डॉक्टरकडे जाऊन काय होणार नाय, पण तुझं समाधान म्हणून जाऊ."

 दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि त्यांना घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. रिक्षात त्यांचा हात धरून बसले होते. किती दिसतं, कधीपासून, असं विचारत होते आणि ते "जाऊ दे आता" म्हणत होते. त्यातही मी त्यांना दोनदा ओरडले, आधी का नाही सांगितलं म्हणून.

नजर तपासायचं एक मशीन असतं. पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, आत कुठेतरी ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाबा आत बसले आणि मी बाहेर त्या बटणाचा आवाज मोजत राहिले. टिक. बराच वेळ काही नाही. मग टिक, टिक, टिक. किती टिक म्हणजे चांगलं आणि किती म्हणजे वाईट ते मला कळत नव्हतं, पण प्रत्येक टिकला मी देवाचं नाव घेत होते. मी, जिला त्या प्रार्थनेच्या मंडळींचा एवढा राग.

डॉक्टरबाईंनी कागद बघितला, मागचा काढून त्याच्या शेजारी ठेवला. "काका, मधलं जसंच्या तसं आहे की. काहीच फरक नाही. तुम्हाला कशावरून वाटलं गेलं म्हणून?"

मला हुंदका फुटणार होता आनंदाने. बाबा मात्र आनंदले नाहीत. ते खुर्चीत पुढे सरकले आणि शाळेतल्या मुलासारखं नीट समजावून सांगायला लागले.

"मी एका सिनेमात काम केलंय. हॉलमध्ये बघितला तेव्हा मला मी दिसलो होतो. मधोमध. हिने पण बघितलंय, विचारा. आता तो यूट्यूबला आला, शेजारच्या मुलीने टीव्हीला लावून दिला. ढोल वाजले तसा मी टीव्हीच्या जवळ जाऊन बसलो. ती बाई दिसली, ती गुडघे टेकणारी पोरगी दिसली. मी दिसलो नाही. तीनदा लावून घेतला. मधला माणूस म्हणजे मी. तेवढाच दिसला नाही."

डॉक्टरबाई हसल्या. "अहो काका, बाकी सगळे दिसले ना? मग नजर शाबूत आहे. एकच माणूस दिसत नाही असा काही आजार नसतो."

 मी कागदांकडे बघत होते, दोन्ही कागदांवर मधे तोच पांढरा गोल होता. मग बाबांनी मान माझ्याकडे वळवली, थोडी इकडे, थोडी तिकडे, मी त्यांच्या गोलात पूर्ण येईपर्यंत.

"मगे मी खंय गेलंय गो?"